वाघोलीला फ्लॅट बघायला गेलो त्याविषयी

सदाशिव पेठ, पुणे
शनिवार, दुपार

प्रिय आनंदराव यांस,

श्यामसुंदरचा सप्रेम नमस्कार. आपण आणि सौ. तेजस्विनी दोघंही वारज्याच्या मोकळ्या हवेत (मोकळी हे आपलं म्हणणं, मला ती धुळीची वाटली) ठणठणीत असाल असं धरून चालतो. आपल्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? तेजस्विनीचं पित्त कसं आहे? कुंडीतल्या कढीपत्त्याला आंबट ताक घाला म्हणून सांगितलं होतं, ते घालता की नुसतं हो म्हणालात? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती तशी नाही आणि आपल्याला ती ठाऊक आहे, कारण आमच्याकडचं निम्मं क्षेम, म्हणजे आपली ताई कुसुम, गेल्या रविवारी गुडघ्याचा पट्टा, जपाची माळ आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आपल्याकडे राहायला आलेलं आहे.

पेठेतून वारज्याला टपालाने पत्र पाहून आपण चकित व्हाल. पण आनंदराव, आपण फोन स्पीकरवर लावता. कान अधू म्हणून लावता हे मान्य, पण मागे मी आपल्याला मूळव्याधीविषयी एक खाजगी शंका विचारली तेव्हा पलीकडून आपल्या शेजारणीने सुरण सुचवला होता. नुसता सुचवला नाही, दुसऱ्या दिवशी कुणाबरोबर तरी पाठवलाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझं बोट जाड आहे, आणि प्रस्तुत मजकूर चुकून आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर पडला तर मला पुणं सोडावं लागेल. सबब पत्र. एकट्याने वाचा, मनातल्या मनात वाचा (आपण वाचताना ओठ हलवता, तेही नको) आणि वाचून झाल्यावर फाडून टाका.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे येण्याचा प्रयत्न करतो. माझी हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली, तेव्हा त्याच भाषेत सांगितलेलं बरं. दुखणं आहे ते वितरण व्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला. टाकी, पंप, वरची सगळी वाहिनी ठीक आहे, वयोमानाने दाब थोडा उतरला आहे पण गळती नाही. जे झालं ते अगदी टोकाला. याहून स्पष्ट मी लिहिणार नाही. आपण विवाहित आहात.

पहिल्यांदा झालं ते गेल्या उन्हाळ्यात, नाशिकला चुलतभावाच्या नातवाची मुंज होती तेव्हा. कुसुम गुडघ्यामुळे आली नाही, मी एकटा गेलो. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी पाहतो तर टोकाला लालभडक चट्टा, आणि त्यावर तिखट लावल्यासारखी आग. मी बादलीवर बसलो (पालथी होती). बाहेर मंगलाष्टकं चालली होती आणि मी आत बसून विचार करत होतो की हे आपल्याला कसं काय झालं. घरी आल्यावर काही दिवसांत आग शमली, चट्टा काळसर पडला, आणि मी तो विषय मनातून काढून टाकला. मग पावसाळ्यानंतर सोलापूरला आमच्या निवृत्तांचा मेळावा झाला. पुन्हा एकटा गेलो, पुन्हा तेच. त्याच जागी, बरं का, रेसभर इकडे नाही की तिकडे नाही, रबरी शिक्का मारावा तसं. आणि जानेवारीत चिपळूणला एका मित्राच्या सत्काराला जाऊन आलो तेव्हा तर चट्ट्यावर फोडच आला. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

आपणच विचार करा. नवरा एकटा बाहेरगावी जातो, येतो, आणि येताना तिथे, नेमका तिथे, चट्टा घेऊन येतो. मी तिऱ्हाईत असतो तर या माणसाला मीच दोषी ठरवून मोकळा झालो असतो. खरं सांगतो, मी स्वतःकडेच संशयाने पाहायला लागलो. सोलापुरात आपण नेमकं काय केलं हे आठवून पाहिलं. दोन भाषणं ऐकली, शेंगाचटणीची पुडी घेतली, निवृत्तिवेतनाविषयीच्या ठरावाला अनुमोदन दिलं. यात कुठेही तसला रोग व्हावा असं काही नव्हतं. कर्म करत राहावं, फळाची आशा धरू नये हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. कर्म न करताच फळ पदरात पडलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि ते फळ असं.

मग फोनला विचारलं. आनंदराव, फोनला असलं काही कधी विचारू नका. त्याने सरळ गुप्तरोगांची यादीच पुढे केली, आणि प्रत्येक रोगाबरोबर चित्रं, तीही रंगीत. मी चहा पीत होतो, तो चहा तसाच राहिला. बरं, एवढ्यावर भागलं नाही. पुढे आठवडाभर तो फोन मला 'खात्रीशीर गुप्त सल्ला' देणाऱ्या वैद्यांच्या जाहिराती दाखवत होता, आणि त्याच फोनवर कुसुम सकाळी भूपाळ्या ऐकते. दोन भूपाळ्यांच्या मध्ये एक वैद्य डोळे रोखून म्हणाला की लाजू नका. ती म्हणाली, हे कुणाला सांगतायत? मी म्हटलं, असेल कुणीतरी.

तर अशा वेळी सभ्य माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे कुणाला काही सांगितलं नाही. हॉलमध्ये झोपायला लागलो. कारण विचारलं तर उकडतं म्हणून सांगितलं (बाहेर पुण्यातली जानेवारीची थंडी). तिने कपाटातून दुसरी रजई काढून सोफ्यावर ठेवली. आतले कपडे स्वतः धुवायला लागलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कपड्यांचा साबण घरात कुठे असतो ते मला तेव्हा कळलं. म्हणजे तेव्हाही कळलं नव्हतं, पहिल्या खेपेला मी भांड्यांच्या साबणाने धुतले. या बाबतीत माझ्यापुढे आदर्श होता तो आपल्या वडिलांचा, कै. अण्णांचा. काय माणूस. शेवटपर्यंत घरात कुणाला कळू दिलं नाही की आपल्याला काही होतंय. कण्हणं नाही, कुथणं नाही, दुखण्याचं भांडवल नाही. पुरुषाने असं मानी असावं, हे मी त्यांच्या दिवसांनाही बोललो होतो, आणि कुसुमने फारच खोदून विचारलं तेव्हा गेल्या शनिवारीही बोललो. त्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं पटलं. दुसऱ्या दिवशी मी कपडे धुऊन बाहेर येतो तर ती पिशवी भरत होती. जाताना एवढंच म्हणाली, "सांगायचं नसेल तर नका सांगू. मी आनंदकडे आहे." आता या वाक्याचा अर्थ कुणीही काय लावेल? तोच मी लावला. लग्नाच्या बायकोने या वयात आपल्यावर तसला संशय घ्यावा, याचा मला केवढा धक्का बसला ते मी लिहू शकत नाही. त्या दिवशी मी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही मोजलं नाही. डाळ करपली.

तेव्हा डॉक्टर गाठणं आलं. आपण कधी पाहिलंय का, कातडीच्या प्रत्येक डॉक्टरच्या पाटीवर 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ' असं लिहिलेलं असतं? हे दोन विषय एका पाटीवर कुणी आणले ते समजत नाही. साध्या खरजेच्या माणसानेही त्या पाटीखालून जायचं, आणि ते कुणी पाहिलं की त्याने गुप्त म्हणून काय केलं असेल याचा विचार रस्ताभर करायचा. आमच्या जवळच्या दवाखान्याच्या जिन्याखाली तर अमृततुल्य आहे, आणि तिथे अर्धी पेठ उभी असते. मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला त्या अमृततुल्यवाल्याने, आपल्याकडच्या मोकळेपणाने, सगळ्यांदेखत विचारलं, "काका, वर जायचंय का? लिफ्ट मागच्या बाजूला आहे." मी त्याला म्हटलं की मी चहालाच आलो होतो, आणि आजच्या चहात आलं कमी आहे.

पुष्कळ विचारान्ती वाघोली निवडली. तिथे मला ओळखणारं कुणी नाही. वाघोली आता पुण्यात आली असं महापालिका म्हणते, म्हणो. माझ्या हिशेबी स्वारगेट मागे पडलं की प्रवास सुरू होतो. म्हणून प्रवासाची सगळी तयारी केली. उकळलेल्या पाण्याची बाटली, दोन रुमाल, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि निघण्यापूर्वी न्याहारीबरोबर पोटाची गोळी. (या गोळीचं सांगायला हवं. परगावी पाऊल टाकण्याआधी मी ती घेतो. पूर्वी सुंठ घ्यायचो, अलीकडे गोळी. जुलाब झाल्यावर गोळी शोधणं म्हणजे पूर आल्यावर धरणाच्या दाराची किल्ली शोधणं. इतकी वर्षं पाण्याचे नमुने हाताळल्यावर दुसऱ्या गावच्या पाण्यावर विश्वास टाकणं मला जमत नाही. त्या गावांचा दोष नाही, माझा स्वभाव.) अशी जय्यत तयारी करून मी मंगळवारी सकाळी स्वारगेटहून बस धरली.

विमाननगर येईपर्यंत शेवटच्या टोकाने हजेरी लावली. आधी चुरचुर, मग खाज, मग आग. म्हणजे डॉक्टरकडे जायला निघाल्याचा सुगावा लागून रोग आणखी चेकाळला, असं मला वाटलं. सुदैवाने मी उभा होतो, आणि उभं राहणं त्यातल्या त्यात सुसह्य होतं. तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, बसा ना." मी नको म्हटलं. ती म्हणाली, "प्लीज काका, तुम्ही खूप अनकम्फर्टेबल दिसताय." मग पलीकडचा एक गृहस्थ म्हणाला बसा, मग कंडक्टर म्हणाला बसा. माझ्या सबंध आयुष्यात पुण्याच्या बसमध्ये मला कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशी सगळी बस मला बसवायला निघाली. शेवटी बसलो. वाघोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे हे आता मला फार बारकाईने माहीत आहे.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. मी तोंडाला रुमाल धरून आत शिरलो आणि कोपऱ्यातली खुर्ची गाठली. शेजारी एक माणूस वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. त्याच्या मनगटावरचं जुनं घड्याळ मला ओळखीचं वाटलं. तेवढ्यात वर्तमानपत्र खाली आलं. मन्सूरभाई. आनंदराव, आमच्या कचेरीतले मन्सूरभाई, घोरपडे पेठेतले. वीस-बावीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. आपल्या ताईची आणि त्यांच्या पत्नीची, हुस्नबानूची, मैत्री तर आमच्याहून जुनी. पुण्यात मला ओळखणाऱ्या माणसांना टाळण्यासाठी मी वाघोलीला आलो आणि तिथे मला सर्वांत जास्त ओळखणारा माणूस बसला होता.

"फ्लॅट बघायला आलो होतो," मन्सूरभाई म्हणाले. "तुम्ही?"

"मीसुद्धा फ्लॅटच," मी म्हटलं.

पुढचा अर्धा तास, भिंतीवरच्या गजकर्णाच्या मोठ्या चित्राखाली बसून, आम्ही वाघोलीतल्या फ्लॅटविषयी बोललो. पाणी टँकरचं की कसं, पूर्वेकडचं बरं की पश्चिमेकडचं, सोसायटीत लिफ्टला जनरेटर आहे का. घोरपडे पेठेतली वडिलांची जागा सोडून हा माणूस मेला तरी वाघोलीला येणार नाही हे मला ठाऊक, आणि मी सदाशिव पेठ सोडणार नाही हे त्यांना ठाऊक. पण बोलणं असं रंगलं की क्षणभर मला खरंच दोन खोल्या घ्याव्यात असं वाटायला लागलं. शेवटी काउंटरमागची मुलगी म्हणाली, "फ्लॅट बघायला आलेल्यांपैकी आधीचा नंबर कुणाचा?" मन्सूरभाई उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मलमाची चिठ्ठी होती आणि चेहरा कोरा होता. मग मी गेलो.

आत डॉक्टर म्हणून एक मुलगी बसलेली. पाटीवर नुसतं आडनाव होतं, त्यामुळे मी गाफील होतो. डॉ. वल्लरी. वय आमच्या चिपळूणच्या मित्राच्या नातीएवढं. काय होतंय म्हणून विचारल्यावर मी टाकीपासून सुरुवात केली, पंप झाला, मुख्य वाहिनी झाली, दाबाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लिंगावर चट्टा आहे. बघू. पडद्यामागे या." हा शब्द मी आजवर फक्त व्याकरणाच्या तासाला ऐकला होता, वचनाच्या शेजारी. तिने तो 'कोपरावर खरचटलंय' अशा सुरात उच्चारला. पडद्यामागचं मी लिहीत नाही. तिच्याकडे बॅटरी होती आणि भिंगही होतं एवढं सांगितलं म्हणजे माझी अवस्था कळेल.

मग प्रश्न सुरू झाले. पत्नीखेरीज कुणाशी संबंध? मी म्हटलं, बाई, मी पत्नीखेरीज कुणाच्या हातचा स्वयंपाकसुद्धा खात नाही. तिने 'नाही' असं लिहून घेतलं. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. कुठलं औषध चालू आहे? मी छाती काढून सांगितलं की औषधाला मी शिवत नाही. डोकं दुखलं, सर्दी झाली तरी काही घेत नाही? नाही. "पुन्हा पुन्हा त्याच जागी उठतं आणि बाहेरगावी गेल्यावरच उठतं," ती म्हणाली, "मग तिथे तुम्ही वेगळं काय करता?" मी म्हटलं, काहीच करत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. तिने पेन कपाळाला लावलं आणि थोडा विचार करून म्हणाली की शंकेला जागा नको म्हणून रक्त तपासू या, नमुना घेणारा माणूस यायला थोडा वेळ लागेल, तोवर समोर पोळीभाजी मिळते, जेवून या. मी म्हटलं, हरकत नाही, गोळी घेऊनच निघालोय.

तिने पेन खाली ठेवलं. "कसली गोळी?"

मी खिशातून पाकीट काढून दाखवलं. ते तिने दोन्ही बाजूंनी वाचलं. मग विचारलं, हे औषध नाही का? मी समजावून सांगितलं की औषध आजारी माणूस घेतो, मी आजारी पडण्यापूर्वी घेतो. नाशिकला घेतली होती? घेतली होती. सोलापूरला? चिपळूणला? अर्थात. आणि आज? आजही, न्याहारीबरोबर. तिने चष्मा काढून छताकडे पाहिलं. आनंदराव, मामला एवढाच होता. त्या गोळीचं माझ्या शरीराशी जमत नाही. काही माणसांना एखाद्या औषधाची अशी ॲलर्जी असते की ते पोटात गेलं की कातडीवर ठरलेल्या जागीच चट्टा उठतो, दर वेळी तिथेच, आणि पुष्कळदा ती जागा हीच असते. पहिल्या एखाद्या खेपेला काही होत नाही, शरीर ओळख करून घेतं, पुढच्या खेपेपासून भांडायला लागतं. हा गुप्तरोग नाही. कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही, पत्नीला काडीचा धोका नाही. लॉजची चादर, स्टँडवरचं शौचालय, कशाचाच काही संबंध नाही. म्हणजे नाशिकचं पाणी निर्दोष, सोलापूरचं निर्दोष, चिपळूणचंही निर्दोष. मला बाधलं ते मी घरून उकळून नेलेल्या पाण्याबरोबर स्वतःच्या हाताने गिळलेलं. परवा रक्ताचे रिपोर्टही आले, साखरेसकट सगळे स्वच्छ.

निघताना तिने विचारलं की इतके महिने घरी कुणालाच सांगितलं नाहीत? मी म्हटलं नाही, आणि जरा अभिमानानेच म्हटलं. तिला तो अभिमान काही दिसला नसावा. ती म्हणाली, "काका, हे साधं निघालं म्हणून बरं. दुसरं काही असतं तर इतक्या महिन्यांत वाढलं असतं. असल्या जागी काही दिसलं की लपवून ठेवायचं नसतं." एका कार्डावर त्या गोळीचं नाव लिहून 'हे औषध कधीही घेऊ नये' असा शेरा मारून तिने दिलंय, ते मी लॅमिनेट करून घेतलं आहे.

खाली मन्सूरभाई थांबले होते. बसमध्ये शेजारी बसल्यावर त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की त्यांना वाटलं होतं आपल्यालाही तसलंच काही लागलं. निघालं काय, तर कोरोनाच्या साथीपासून हे गृहस्थ आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतत होते, आणि चुरचुरायला लागलं तसं जंतू वाढले समजून आणखी ओतत होते. त्या जागेचं कातडंच सोलवटलं. डॉक्टर म्हणाली, नुसत्या साध्या पाण्याने धुवा आणि त्या कातडीला जरा विसावा द्या. मी त्यांना माझं सांगितलं. पुण्यातली बहुधा सर्वांत स्वच्छ अशी दोन माणसं गुप्तरोगाच्या दवाखान्यातून परत चालली होती. येरवडा येईपर्यंत आम्ही हसत होतो, मन्सूरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी काय सांगायचं यावर एकमत झालं की फ्लॅटचा दर जास्त वाटला. मन्सूरभाईंनी शब्द दिला आहे, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर आनंदराव, आता ताईला हे नीट समजावून सांगणं आपल्याकडे लागलं. मला ते तोंडाने जमणार नाही. शब्द आपले वापरा, वाटल्यास माझे पाणीपुरवठ्याचे वापरा, पण तिला एवढं पटलं पाहिजे की मी निष्कलंक आहे (एक डाग सोडून, आणि तोही फिकट होईल असं डॉक्टर म्हणाली). खरं सांगू का, मला रोगाची भीती कमी वाटली, तिच्या नजरेची जास्त वाटली. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर आवाज चढवलाय, माझ्या भाजीनिवडीला हसली आहे, पण परक्या माणसाकडे पाहावं तशी कधी माझ्याकडे पाहिलेली नाही. उतारवयात तशी पाहू नये एवढंच वाटत होतं. हॉलमध्ये झोपायला आता काही कारण उरलेलं नाही, तरी आतल्या खोलीत एकट्याने जाववत नाही. घर फार गप्प झालंय.

तेजस्विनीला नमस्कार. कढीपत्त्याकडे लक्ष असावं.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. ती गोळी आपणच मला दिली होतीत. गणपतीपुळ्याला निघालो होतो तेव्हा माझ्या खिशात दोन पाकिटं सरकवून म्हणालात, "भावोजी, असू द्या, बाहेरचं पाणी." तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद असावी म्हणून लिहितो. आपणही घेत असाल तर एकदा आंघोळीच्या वेळी पाहून घ्या.

ता. क. २. कुसुमला इतक्यात यायचं नसेल तर निदान लोणच्याची बरणी पाठवावी. वरणभाताला तोंडी लावायला काही नाही.

ता. क. ३. वरची ओळ खोडणार होतो, पण कागद खराब दिसेल. बरणी राहू द्या. तिलाच पाठवा.

आनंद, इथून पुढचं अक्षर माझं आहे. कुसुमताई.

आज रविवारी सकाळी देवळात जाते म्हणून तुमच्याकडून निघाले, ते खोटं. घरी आले. काल हुस्नबानूचा फोन आला होता. मन्सूरभाईंनी मंगळवारी बसमधून उतरल्या उतरल्या तिला सगळं सांगितलं, दोघांचंही. बिचारीने चार दिवस कळ काढली आणि मग राहवलं नाही. माझ्या नवऱ्याला कुठे काय झालंय हे मला घोरपडे पेठेतून कळलं.

मी आले तेव्हा हे दूध आणायला गेले होते. पत्र टेबलावर होतं, वाचलं. यांना वाटतंय मी संशय घेऊन गेले. अरे, संशय घ्यायचा तरी कशाच्या जोरावर? जो माणूस वाघोलीला जाताना घरचं पाणी उकळून नेतो, तो बाहेर काय उजेड पाडणार आहे? माझ्या मनात तसलं काही आलंसुद्धा नाही. हे कळलं तर यांना वाईट वाटेल, म्हणून तू यांना सांगू नकोस.

मी गेले ते साबणाचा आवाज ऐकून. तुला आठवतंय ना, शेवटच्या वर्षी अण्णा स्वतःचं धोतर स्वतः धुवायला लागले होते? आई येणाऱ्याजाणाऱ्याला किती कौतुकाने सांगायची. लघवीतून रक्त जात होतं आणि ते मोरीत बसून डाग घासत होते, आणि आपण सगळे बाहेर चहा पीत होतो. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलंत. आणि हे मला अण्णांचा आदर्श सांगतात. अण्णांनी कळू दिलं नाही म्हणून अण्णा गेले, त्यात मानी काय आहे? त्या दिवशी यांनी बाथरूमला आतून कडी लावली आणि घासण्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा मला मोरीतले अण्णाच दिसले. विचारून विचारून थकले होते. पुन्हा एकदा बाहेर बसून तो आवाज ऐकायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून पिशवी भरली.

आत्ता हे आलेत. दुधाची पिशवी हातात धरून मागे उभे राहून वाचतायत. उजेड पाडण्याचंही वाचलं. मी म्हटलं, बोलू नंतर, आधी दाखवा. दाखवलं. एवढासा काळा डाग, करंगळीच्या नखाएवढा. यासाठी वाघोली. मी हसले आणि मग मला रडू आलं, तेव्हा हे म्हणाले की दूध नासेल, आणि स्वतःच तापवायला ठेवलं. उतू गेलंय.

पाकिटावर तिकीट लावून ठेवलेलं आहे, ते फुकट जायला नको म्हणून पत्र धाडते. बरणी तुमच्याकडे राहू दे, लोणचं मुरलंय, तेजस्विनीला वाढ. गोळ्या आजच कचऱ्यात टाक. आणि तुझं स्वतःचं काही असेल, कुठेही, कसलंही, तर तेजस्विनीला सांग. स्पीकरवर सांगितलंस तरी चालेल.